शेजारणीनं भिंत वाजवावी

सिंदुल्फोनं फळ्यावरच्या शब्दाची शेपटी तळहातानं पुसून टाकली, हात पँटवर झटकला आणि उरलेल्या धडाला नवी शेपटी जोडली. खडू मोडला, पण शब्द पुरा झाला. दोन पावलं मागे सरकून तो शब्दाकडे बघत राहिला, बाजारातून आणलेली मेंढी अंगणात उभी केल्यावर बघावं तसा.

"बरोबर," ग्वादालुपे म्हणाली. मग चष्मा सारखा करून तिनं पुन्हा एकदा वाचलं. "अहो, अगदी बरोबर आहे, सिंदुल्फोकाका."

तिचा आनंद इतका खरा होता की सिंदुल्फोला उगाचच अपराधी वाटलं. पोरगी गेले तीन आठवडे या एका गोष्टीसाठी जिवाचं रान करत होती. ती दक्षिणेकडची, एस्त्रेमादुराची. जिल्ह्यानं तिची नेमणूक केली होती, आणि दर मंगळवारी नि गुरुवारी सत्तर किलोमीटर गाडी चालवत ती वाल्देकुएर्वोच्या बंद पडलेल्या शाळेत सात प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवायला यायची. त्या सातांत सगळ्यात तरुण होता तो एकसष्ट वर्षांचा. अपूर्णांक झाले होते, देशातल्या नद्या झाल्या होत्या, पचनसंस्था तर सगळ्यांना स्वानुभवानं पाठच होती. गाडं अडलं होतं ते क्रियापदाच्या एका रूपावर.

त्याचं असं होतं की आमच्या पठारावर 'तू यावंस असं मला वाटत होतं' असं कुणी म्हणत नाही. 'तू येशील असं मला वाटत होतं' असं म्हणतात. आजे-पणजे तसंच म्हणायचे, पाद्रीबाबा अजून तसंच म्हणतात, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. ग्वादालुपेला मात्र ते ऐकलं की दाढ दुखल्यासारखं व्हायचं. अहो, हे भविष्य सांगणं झालं, ती फळ्यावर खडू आपटून म्हणायची. मला भविष्य नको, इच्छा हवी आहे. जे झालं नाही, पण व्हावं असं तुमच्या मनात होतं, ते. वर्ग समजूतदारपणे मान हलवायचा आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा भविष्य सांगायचा.

त्या मंगळवारी तिनं वेगळी वाट धरली. 'त्यांनी हाक मारली' यासाठीचा आपला स्पॅनिश शब्द घ्या, ती म्हणाली: यामारोन. त्याच्या टोकाचं 'रोन' छाटा आणि तिथं 'रा' लावा. यामारा. झालं, 'त्यानं हाक मारावी असं वाटत होतं' यातली 'मारावी' तयार. नियमित क्रियापदं सगळी अशीच वागतात, मुकाट. सिंदुल्फोनं चाळीस वर्षं मेंढरं राखली होती आणि दर वसंतात कोकरांच्या शेपट्या छाटल्या होत्या. हे पोरीनं आधीच सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते, असं त्याच्या मनात आलं.

मग तिनं बिस्किटांचा डबा फिरवला. आत चिठ्ठ्या होत्या, एकेका चिठ्ठीवर एक क्रियापद. त्याची पाच वाक्यं घरी लिहायची आणि गुरुवारी मोठ्यानं वाचायची. वाक्यं पुस्तकी नकोत, तिनं बजावलं, खरोखर मनात होतं तेच लिहा. बुर्गुंदोफोराला, जिला सगळे फोरा म्हणत, 'परत देणं' आलं. सिंदुल्फोचा मेहुणा ओनेसिमो याला 'जिंकणं' आलं. पुढच्या बाकावरच्या एलादियानं आपली चिठ्ठी उघडली, 'वाट पाहणं' असं वाचलं आणि घडी घालून ती चष्म्याच्या घरात ठेवली. सिंदुल्फोला फळ्यावरचंच क्रियापद आलं. हाक मारणं, आमच्याकडे दार वाजवणं, भिंत वाजवणं, सगळं त्याच शब्दात येतं.

त्यानं चिठ्ठी खिशात कोंबली आणि एलादियाच्या पाठीकडे बघायचं टाळलं. एलादिया त्याची शेजारीण. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीपायी तो तेवीस दिवस झोपेला मुकला होता.

चार वर्षांपूर्वी सिंदुल्फोची बायको देल्फिना गेली. बिल्बाओहून आलेला मुलगा नऊ दिवस राहिला आणि दहाव्या दिवशी सकाळी सातला, सिंदुल्फो पलंगाच्या काठावर बसून आता उठायचं कशासाठी याचा विचार करत होता, तेव्हा डोक्यामागच्या भिंतीवर तीन ठोके पडले. आधी त्याला वाटलं उंदीर. मग लक्षात आलं की उंदीर मोजून तीनदा आणि इतक्या जोरात वाजवत नाही. त्यानं बोटांच्या पेरांनी तीनदा उलट वाजवलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग रेडिओ लागला. सिंदुल्फो उठला आणि त्यानं दूध तापवलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी सातला तीन ठोके, आणि त्याचे तीन. उन्हाळा असो, बर्फ असो, कधी चुकलं नाही. या गोष्टीबद्दल दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. पावाची गाडी आली की रांगेत ती म्हणायची, आज वारा आहे. तो म्हणायचा, हो, वारा आहे. दोघं लहानपणापासून एका गावात वाढलेले, एकमेकांना एकेरीत हाक मारणारे, पण भिंत ही भिंतच राहिली. बोलायचं तरी काय? तू जिवंत आहेस का, हे माणसाला रांगेत विचारता येत नाही, आणि तो समोर उभा असताना तर मुळीच नाही.

आणि ऑक्टोबर संपता संपता एका सोमवारी सात वाजले, सव्वासात झाले, आणि भिंत गप्प राहिली.

सिंदुल्फो पहिल्यांदा परसात गेला आणि त्यानं तिच्या धुराड्याकडे पाहिलं. धूर निघत होता. म्हणजे बाई धडधाकट होती. म्हणजे ती रागावली होती. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, पुढच्या बाकावर बसली, नेहमीसारखी अक्षरं गिरवत राहिली, आणि त्याचा संशय पक्का झाला. त्यानं आपले सगळे गुन्हे आठवून पाहिले. तिच्या मसुरीच्या आमटीत मीठ कमी आहे असं तो फोरापाशी बोलला होता, पण ते गेल्या वर्षी. कुत्र्यानं तिच्या पायरीवर घाण केली होती, पण ती त्यानं स्वतः धुतली होती. गेल्या सालच्या सर्व संतांच्या दिवशी, नोव्हेंबरच्या एक तारखेला, स्मशानात ती देल्फिनाच्या थडग्यापाशी क्षणभर थांबली, फुलं सारखी केली आणि आज वारा आहे म्हणाली. तेव्हा त्यानं, हो, वारा आहे, एवढंच म्हटलं होतं. पण दर वेळी तेवढंच म्हणायचा तो.

मग त्यानं अक्रोडांची पिशवी तिच्या दाराच्या कडीला अडकवली. संध्याकाळी रिकामी पिशवी चौपदरी घडी होऊन त्याच्या कडीला परत आली. सिंदुल्फोनं ती उलटी करून आत काही चिठ्ठी आहे का तेही पाहिलं.

शेवटी न राहवून त्यानं बारमध्ये पत्ते पिसता पिसता ओनेसिमोला सगळं सांगितलं.

"विचारून टाका की दाजी," ओनेसिमो म्हणाला.

"काय विचारू?"

"का वाजवत नाहीस म्हणून."

"चार वर्षांत ती वाजवते असं मी कधी म्हटलेलं नाही. ती म्हणाली, काय वाजवत नाही, तर?"

ओनेसिमोनं यावर बराच विचार केला आणि तेवढ्या वेळात डाव घालवला. मग तो म्हणाला की बायकांचं काही सांगता येत नाही. आयुष्यभर लग्न न केलेला माणूस हे नेहमी फार अधिकारानं सांगतो.

त्या मंगळवारी संध्याकाळी सिंदुल्फो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसला. पहिलं वाक्य सोपं गेलं: डॉक्टरांनी मला वेळेवर हाक मारावी असं मला वाटत होतं. डॉक्टर गुरुवारी येतात आणि सगळ्यात आधी फोराला आत घेतात, तेव्हा हे खरंच होतं. दुसऱ्यात मुलानं रविवारी फोन करावा असं लिहिलं, कारण फोन करणंही त्याच शब्दात बसत होतं. तिसऱ्यात पाद्रीबाबांना आणलं, चौथ्यात कुत्र्याला. कुत्रा काही हाक मारत नाही हे त्याला कळत होतं, पण इच्छा करायला काय हरकत आहे, असा त्यानं विचार केला.

पाचवं वाक्य त्यानं पेन्सिलीनं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. मग उठून भांडी घासली, कुत्र्याला बाहेर फिरवून आणलं, परत येऊन वाचलं आणि एकदम पेन उचलून त्या अक्षरांवरून शाई फिरवली. आपण चोरी करतोय की कबुलीजबाब देतोय हे त्याला कळेना. पण एक गोष्ट त्याला या रूपाची आवडली होती: यात विचारावं लागत नव्हतं, आरोप करावा लागत नव्हता. मनात होतं, एवढंच म्हणायचं, आणि वही मिटायची.

गुरुवारी शेगडी पेटली होती तरी वर्गात सगळे कोट घालून बसले होते. ग्वादालुपेनं फोरापासून सुरुवात केली. फोरा उभी राहिली, घसा खाकरला आणि वाचू लागली. ओनेसिमोनं माझी शिडी परत द्यावी असं मला वाटत होतं. ओनेसिमोनं माझी शिडी चेरी पिकण्याआधी परत द्यावी असं मला वाटत होतं. माझे यजमान हयात असताना ओनेसिमोनं शिडी परत द्यावी असं आम्हा दोघांना वाटत होतं. पाचव्या वाक्यापर्यंत ती शिडीच्या दोन पायऱ्याही परत मागत होती, कारण त्या मोडल्या आहेत असं तिच्या कानावर आलं होतं.

ग्वादालुपे हात जोडून ऐकत होती. पाचही रूपं बिनचूक होती.

ओनेसिमोनं उभं राहून सांगितलं की त्यानं लिहिलेली वाक्यं पत्त्यांतल्या जिंकण्याबद्दल आहेत, पण आता त्याला त्यात बदल करायचा आहे. बाईंनी त्याला खाली बसवलं आणि सिंदुल्फोकडे पाहिलं.

सिंदुल्फोनं चार वाक्यं एका दमात वाचली. डॉक्टर, मुलगा, पाद्रीबाबा, कुत्रा. मग वही मिटली.

"चार झाली," ग्वादालुपे म्हणाली. "पाचवं?"

"पाचवं तितकं चांगलं नाही आलं, बाई."

"चुकलं तर आपण दुरुस्त करू. वाचा."

सिंदुल्फोनं वही उघडली, डोळ्यांपासून लांब धरली आणि कुणाच्या तरी दुसऱ्याच्या पत्रातलं वाचावं तसं वाचलं, "शेजारणीनं भिंत वाजवावी असं मला वाटत होतं."

शेगडीत लाकूड तडकलं. सात विद्यार्थ्यांपैकी पाच जणांनी आधी सिंदुल्फोकडे आणि मग पुढच्या बाकाकडे पाहिलं. वाल्देकुएर्वोत सगळी घरं धरून चौतीस माणसं राहतात आणि कुणाची भिंत कुणाला लागून आहे हे कुत्र्यांनाही ठाऊक आहे. एलादिया मात्र सरळ फळ्याकडे बघत बसली होती.

ग्वादालुपेला यातलं काही कळलं नाही. तिला फक्त एवढंच कळलं की या पठारावर जन्मलेल्या, बहात्तर वर्षं भविष्य सांगत आलेल्या एका मेंढपाळानं अखेर इच्छा व्यक्त केली होती.

"किती सुंदर," ती म्हणाली. "पुन्हा वाचा."

त्यानं पुन्हा वाचलं. तिनं वाक्य मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून काढलं. मग त्याचं तिनं जे काही केलं ते एखाद्या शत्रूनंही केलं नसतं. तिनं फोराला ते नकारार्थी करायला सांगितलं, आणि फोरानं घाईनं सांगितलं की शेजारणीनं भिंत वाजवू नये असं त्याला वाटत होतं. तिनं ओनेसिमोला अनेकवचन करायला सांगितलं, आणि क्षणात गावातल्या सगळ्या शेजारणींनी सगळ्या भिंती वाजवाव्यात असं सिंदुल्फोला वाटू लागलं. मागच्या बाकावरच्या कुणीतरी प्रश्नार्थक केलं. सिंदुल्फो उभाच होता, कारण बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचे कान लाललाल झाले होते.

"आता एलादियाकाकू," ग्वादालुपे म्हणाली. "तुमचं 'वाट पाहणं' होतं ना?"

एलादियानं वही उघडली, पण तीत पाहिलं नाही. ती उठलीही नाही. मागे वळून, बाकाच्या पाठीवर कोपर टेकवून, तिनं सिंदुल्फोकडे बघितलं.

"हे मी लिहिलेलं नाही, बाई," ती म्हणाली. "रूप चुकलं तर चुकू दे."

मग ती बोलली, आणि बोलली ती पावाच्या रांगेत बोलावं तितक्याच आवाजात.

"सर्व संतांच्या आधीचा रविवार. मला ताप होता. सकाळी उठवेना. म्हटलं, नाही वाजवलं तर हा घाबरेल, एकटा आहे. म्हणून भिंतीला धरधरून गेले नि वाजवलं. यानं उत्तर दिलं, तीनदा, नेहमीसारखं. याचं दार उघडलं, कुत्रा बाहेर गेला. आणि मी तिथंच खाली फरशीवर बसले, कारण पाय उचलेना. बसल्या बसल्या मनात आलं, हा जिवंत आहे हे मला रोज कळतं. मी आहे की नाही हे कुणाला कळतं?"

"मला कळतं," सिंदुल्फो म्हणाला. "तू वाजवतेस म्हणून."

"मी वाजवते म्हणून. चार वर्षांत तू आधी कधी वाजवलंस?"

 असं काही असतं हेच सिंदुल्फोच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. सात वाजता भिंत वाजते, जसं सकाळी उजाडतं, आणि आपण उत्तर देतो. त्यात आपल्याकडून काही उणं राहतंय असं त्याला एक दिवसही वाटलं नव्हतं.

"म्हणून मी ठरवलं, बघू या," एलादिया म्हणाली. "उद्यापासून वाजवायचं नाही. किती दिवसांनी येतो बघू. आज पंचवीस झाले."

"अगं, धूर दिसत होता," सिंदुल्फो म्हणाला. हे सांगताना त्याला मनापासून वाटलं की हे उत्तर चांगलं आहे. "मी रोज सकाळी परसात जाऊन बघायचो."

"फरशीखालच्या भट्टीत, ग्लोरियात, पेंढा भरून तोंड बंद केलं की ती दोन दिवस आपली आपण धुमसत राहते. वरची फरशी गरम, धुराडं चालू. मी खाली मरून पडले असते तरी तुला धूर दिसला असता."

"मंगळवारी इथं दिसत होतीस."

"मंगळवारी दिसले, गुरुवारी दिसले. गुरुवार ते मंगळवार माणूस अगदी निवांत मरू शकतं, सिंदुल्फो."

फोरानं छातीवर क्रूसाची खूण केली. कुणी हसलं नाही, ओनेसिमोसुद्धा नाही. ग्वादालुपेनं फळ्यावरच्या वाक्याकडे पाहिलं, मग एलादियाकडे, आणि तिला आता सगळं कळलं, कारण ती हळूच गेली आणि तिनं ते वाक्य पुसून टाकलं. आजचा तास इथंच थांबवू या, ती म्हणाली. रस्त्यात धुकं आहे, तिला लवकर निघायचं आहे. धुकं नव्हतं.

सिंदुल्फो घरी आला आणि जेवला नाही. अक्रोड पाठवले तेव्हा आपण किती मोठं मन दाखवलं असं त्याला वाटलं होतं, ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. बाई तापानं फणफणली असताना भिंतीला धरत आली होती, आपण घाबरू नये म्हणून. आणि आपण पंचवीस दिवस हिशेब मांडत बसलो होतो की आपण तिचं काय बिघडवलंय. बिघडवलं काहीच नव्हतं. केलंच काही नव्हतं.

शुक्रवारी तो सहालाच जागा झाला. पावणेसातला पलंगाच्या काठावर बसला आणि घड्याळाकडे बघत राहिला. सात वाजायला मिनिट असताना त्याला वाटलं, थोडं आधीच वाजवावं, मग वाटलं नको, ती दचकेल. सात वाजले. सिंदुल्फोनं जन्मात पहिल्यांदा स्वतः होऊन भिंत वाजवली. तीनदा.

पलीकडून उत्तर आलं नाही.

त्यानं कान लावला. रेडिओ नव्हता. खुर्ची नव्हती. त्यानं पुन्हा वाजवलं, या वेळी मुठीनं, इतक्या जोरात की भिंतीवरचा देल्फिनाचा फोटो वाकडा झाला. काही नाही. काल रात्री तिच्या खोलीत दिवा किती वाजता गेला हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला आणि आठवेना. वर्गात बोलताना ती कोपर टेकून बसली होती, उठली नव्हती. का उठली नव्हती?

पुढचं त्यानं ठरवून काही केलं नाही. पायात सपाता होत्या आणि अंगात लोकरीची लांब चड्डी नि बनियन, तसाच तो दार उघडून बाहेर पडला. गल्लीत पाणी गोठलेलं होतं. समोर फोरा बर्फ वितळावा म्हणून पायरीवर मीठ टाकत होती; तिनं बादली खाली ठेवली आणि काय झालं म्हणून विचारलं, पण सिंदुल्फोनं ऐकलं नाही. त्यानं एलादियाच्या दारावर दोन्ही मुठी आपटल्या आणि तिचं नाव घेऊन हाक मारली. पुन्हा मारली. आवाज इतका मोठा होता की वरच्या अंगाच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

दार उघडलं. एलादिया कपडे करून, केस विंचरून, खांद्यावर शाल घेऊन उभी होती. तिच्या मागे स्वयंपाकघरात भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं आणि ती त्या घड्याळाकडेच वळून बघत होती.

"चार मिनिटं," ती म्हणाली. "पंचवीस दिवसांवरून चार मिनिटांवर आलास."

सिंदुल्फोला दम लागला होता. त्यानं चौकटीला हात टेकला. "तुला ऐकू आलं?"

"आलं. सगळे ठोके ऐकले. अंथरुणात पडून ऐकले असते, पण म्हटलं, दार उघडायला उशीर होईल."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

"दिलं असतं तर तू आला असतास?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. गल्लीत फोरा बादलीजवळ पुतळ्यासारखी उभी होती, आणि आता आणखी एक खिडकी उघडल्याचा आवाज झाला.

"नसतो आलो," तो म्हणाला. "दूध तापवलं असतं."

एलादियानं मान हलवली, जणू एवढंच तिला हवं होतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची तिनं काही घाई केली नाही. सिंदुल्फोला वाटलं, आता काहीतरी म्हणायला हवं, आणि वारा आहे एवढंच त्याच्या तोंडावर आलं. त्यानं ते गिळलं.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला.

"दिसतंय," एलादिया म्हणाली. "चल, आता घरी जा, गारठशील. उद्या मी वाजवते."

"आणि परवा मी?"

"परवा रविवार."

"मग रविवारी कोण वाजवणार?"

एलादियानं त्याच्या सपातांपासून सुरुवात करून वरपर्यंत पाहिलं, सावकाश, गुडघ्यापाशी ठिगळ लावलेल्या त्या लोकरीच्या चड्डीवर जरा जास्तच वेळ थांबत.

"रविवारी भिंत नको," ती म्हणाली. "रविवारी दाराशी ये. पँट घालून."